मागितली तर देऊ

यमुअक्का नव्या मुलीचा उजवा हात पहिल्याच दिवशी तिच्याच ओढणीने कमरेला बांधून टाकत. मी पिंप्राळ्यातल्या त्यांच्या अंगणात लाठी शिकायला गेले तेव्हा नुकतीच कॉलेजात गेले होते. आठवडाभरात काठी गरगर फिरवून मैत्रिणींना दाखवता येईल, असा माझा हिशेब होता. अक्कांनी माझा हात बांधला, डाव्या हातात एक साधा बांबू दिला आणि म्हणाल्या, "उजव्याला वाटतं त्याला सगळं येतं. आधी येड्याला शिकव. शहाणा मागून येतो, लाजून."

अक्का मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. पदर खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. शाळेत बोलणे नीटनेटके. राग आला की मात्र शिंदखेड्याकडची अहिराणी. स्कूटरवरून पडल्यापासून त्यांचा उजवा खांदा वर जात नसे, म्हणून त्या स्वतः काठी फारशी फिरवत नसत. भिंतीला टेकून बघत. मिरच्या कुटायचे काम मात्र त्या दुसऱ्या कुणाला देत नसत. एक जुने, जड मुसळ होते, ते डाव्या हाताने त्या असे काही आपटत की आम्ही काठ्या थांबवून बघत राहायचो.

त्या मुसळाची गोष्ट त्यांनी मला पहिल्या उन्हाळ्यात सांगितली. अक्कांचे वडील शिंदखेड्याच्या तालमीत लाठी शिकवत. मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मुलीला शिकवले. दोन्ही टोकांना पितळी शेंब्या असलेली त्यांची काठी गावात सगळे ओळखत. ते गेल्यावर त्यांचा शिष्य सुकलाल वस्ताद झाला आणि काठी त्याने ठेवून घेतली. दिवस झाल्यावर अक्का तालमीत काठी मागायला गेल्या. माणसे बसलेली होती. सुकलाल म्हणाला की काठी तालमीची आहे, आंडेरीची, म्हणजे मुलीची, नाही. तुला कुटायला मुसळ पाठवून देतो. माणसे हसली. आणि त्याने खरेच पाठवले. दुसऱ्या दिवशी एक गडी मुसळ घेऊन दारात उभा होता.

"मी फेकून दिलं नाही," अक्का म्हणाल्या. "त्याचं त्याला परत द्यायचं शे."

माझा स्वभाव याद्या करण्याचा आहे. अक्कांची शिकवण्याची पद्धत मी तेव्हाच मनात क्रमाने लावून ठेवली आणि आजही तोच क्रम पाळते. आधी पाय. अंगणात चुन्याने चौकोन आखलेला असे. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आम्ही काठीशिवाय त्यावर नुसते पाय टाकायचो. मग हात, पण ताक घुसळण्याच्या वेगाने. कुणी जोरात फिरवली की अक्का म्हणत, "वेगात चूक लपते. हळू कर, मला तुझी चूक बघायची आहे." एका दिवशी एकच चूक सांगत. बाकीच्या दिसत असूनही गप्प बसत. आणि दमून चुकीचा हात पडला तर तिथे थांबू देत नसत. एक हात बरोबर पडला की लगेच काठी काढून घेत. "शेवटलं जे केलं, तेच हात घरी नेतो. चूक घरी नेऊ नको, घर लहान आहे तुझं."

या सगळ्याहून एक गोष्ट निराळी होती. लाठी सगळीकडे ढोलावर शिकवतात. अक्कांच्या अंगणात ढोल नव्हता. आम्ही फिरवत असताना त्या भाजीचे भाव विचारत, पाढे म्हणायला लावत, मध्येच डालड्याचा डबा मनाला येईल तसा बडवत. ठेका म्हणून नाहीच. उलट कुठलाही ठेका लागू नये म्हणून. मला फार राग येई. एकदा मी चिडून कारण विचारले, तेव्हा त्यांनी मला गणपतीत शिंदखेड्याला नेले.

विसर्जनाच्या मिरवणुकीत चौकात रिंगण धरत. ढोल चाले, सुकलाल वस्ताद ती पितळी शेंब्यांची काठी घेऊन उतरे आणि कुणीही समोर यावे म्हणून हाक देई. अक्का गर्दीत माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझे मनगट धरले आणि ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला दाबत राहिल्या. सुकलालचा प्रत्येक वार ठोक्यावर पडत होता. एकही इकडेतिकडे नाही. तालमीतला प्रत्येक गडी तसाच.

"बठ्ठा ढोलवर नाचतस, सगळेच," अक्का हळूच म्हणाल्या. "दोन ठोक्यांच्या मध्ये त्याचा हात रिकामा असतो. माझ्या बापाने त्याला सांगितलं होतं. ऐकलं नाही."

परतीच्या पॅसेंजरमध्ये त्यांनी मला रिंगणाचा रिवाज सांगितला. ज्याच्या हातातून काठी पडेल, त्याची काठी जिंकणाऱ्याकडे जाते. परत हवी असेल तर त्याने जिंकणाऱ्याच्या गुरूकडे जाऊन, सगळ्यांसमोर 'काठी द्या' म्हणायचे. मागितली की द्यावीच लागते, नाही म्हणता येत नाही. मी म्हटले, मग काय उपयोग, तो मागेल आणि घेऊन जाईल. अक्का इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या असाव्यात. "बाईकडे? सुकलाल?"

पुढच्या गणपतीपर्यंत मी दुसरे काहीच केले नाही. डबा बडवला जाई आणि मी दोन आवाजांच्या मधली जागा शोधे. शोधणे थांबले आणि ती जागा हातालाच सापडू लागली, तेव्हा अक्कांनी मुसळ धुऊन पिशवीत घातले.

मी रिंगणात पाऊल टाकले तेव्हा लोक हसले. वस्तादाने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. मागे उभ्या असलेल्या अक्कांनाही त्याने ओळखले. "ये पोरी, दोन हात करून घे," तो म्हणाला. "लग्नात दाखवायला फोटो होईल." ढोलवाल्याला त्याने जोरात वाजवायची खूण केली. ती त्याची चूक. जेवढा ढोल मोठा, तेवढा मला त्याचा पुढचा वार स्पष्ट दिसत होता.

पहिले काही वार मी नुसते अडवले. हात झिणझिणले. तो खेळवत होता, लोकांकडे बघून हसत होता. मग त्याने डोक्यावरून काठी घेतली, ठोका पडला, वार आला, मी चौकोनातले पाऊल टाकून बाजूला झाले आणि पुढचा ठोका पडायच्या आत डाव्या हाताने त्याच्या मनगटाजवळ मारले. काठी उडाली. शेंबी फरशीवर वाजली. ढोलवाला बिचारा वाजवतच राहिला.

अक्का रिंगणात आल्या. वाकून काठी उचलली, पदराने पुसली. मग पिशवीतून मुसळ काढून वस्तादाच्या रिकाम्या हातात दिले.

"हाई ले. कुटाले कामे ई."

आता हसली तीही तालमीत त्या दिवशी हसलेलीच माणसे होती.

सुकलालने काठी मागितली नाही. त्याची बायको येऊन रडून गेली, तालमीतले म्हातारे आले, एकाने नवी शेंब्यांची काठी बदल्यात आणली. अक्का सगळ्यांना चहा देत आणि एकच सांगत, "मागितली तर देऊ. त्यानेच यायचं, चौकात." मग त्या काठी दोन खुंट्यांवर आडवी ठेवत आणि तिच्यावर आपली ओली लुगडी वाळत घालत, म्हातारे फाटकाबाहेर पडायच्या आत. मला ते जास्त वाटले. एकदा बोलले तर म्हणाल्या, "मी इतकी वर्षं मिरच्या कुटल्या. त्याला थोडं झोंबू दे."

शेवटच्या आजारात मी विचारले की काठी तुमच्याबरोबर ठेवायची का. अक्कांनी मान हलवली. "जाळू नको. जळाली की तो सुटेल." मग मला जवळ बोलावून पुढचे काम सांगितले. मी ते चुकवलेले नाही.

दर विसर्जनाला मी माझ्याकडे लाठी शिकणाऱ्या मुली घेऊन शिंदखेड्याला जाते. सुकलाल वस्ताद आता थकला आहे, ओट्यावर खुर्ची टाकून बसतो. मिरवणुकीत त्याच्या दारासमोर आलो की मी हात वर करते आणि ढोल बंद होतो. मग मी ती काठी फिरवते. गल्लीत दुसरा आवाज नसतो, नुसती काठी घुमते. त्याचे हात मांडीवर पडलेले असतात. बोटे ठोका शोधतात आणि त्यांना तो सापडत नाही. फिरवून झाल्यावर मी काठी आडवी धरून त्याच्यासमोर थोडा वेळ थांबते. रिवाज मी मोडलेला नाही. त्याने दोनच शब्द म्हणायचे आहेत, आणि मला द्यावीच लागेल.

तो बघतो. मग मी ढोलवाल्याला खूण करते आणि आम्ही पुढे जातो.