पाचव्या चाकाची हवा

बाबांच्या लेखी गाडीला पाच चाकं असतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते पेट्रोलपंपावर हवा भरायला जात. हवा भरणारा चौथ्या चाकापाशी उठून नळी गुंडाळायला लागला की म्हणत, "थांबा, पाचवं राहिलं." मग डिकी उघडायची, खालचा पुठ्ठा उचलायचा आणि स्टेपनी बाहेर काढायची. तिच्यात बाकीच्यांपेक्षा चार पौंड हवा जास्त, कारण पडून राहिलेल्या चाकातली हवा हळूहळू उतरते. व्हॉल्व्हला थुंकी लावून बुडबुडा येतो का ते बघायचं, जॅक आणि पाना जागेवर आहेत का ते बघायचं. मागचे लोक हॉर्न वाजवत आणि मी पुढच्या सीटवर लाजेने खाली खाली सरकत असे.

बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत त्यावरून चेष्टाही व्हायची. "काका, दिवाळीला स्टेपनीला ओवाळता की नाही?" बाबा चिडत नसत. म्हणायचे, "चार चाकं कुरकुरतात, म्हणून त्यांच्याकडे लक्ष जातं. ही बिचारी बोलत नाही, मग आपणच विचारायचं."

लग्न मोडल्यावर मी याच घरी परत आले. आई तोवर गेली होती. पुढे बाबांना अर्धांगाचा झटका आला, डावा हात कामातून गेला, डावा पाय काठीच्या आधाराने जेमतेम चालेल एवढाच उरला, आणि गाडी माझ्याकडे आली. मी तिला सीएनजी बसवून घेतला. उपनगरात निम्म्या गाड्यांची हीच कथा आहे. सिलिंडर डिकी खाऊन टाकतो आणि स्टेपनी त्याच्या खाली गाडली जाते. ती काढायची तर गुडघ्यावर बसून, सिलिंडरच्या पट्ट्यांमधून ओढत बाहेर काढावी लागते. मी एकदाही काढली नाही. इथे दर कोपऱ्यावर पंक्चरवाला बसलेला असतो, कशाला हवाय तो उपद्व्याप? पहिल्या रविवारी मी पंपावरून आले की बाबा विचारायचे, "पाचही?" आणि मी चपला काढता काढता सांगायचे, "हो, पाचही." अडीच वर्षं मी हे सांगत होते आणि अडीच वर्षं ते खरं मानत होते.

बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, मनोरीला दिली होती. बाबा तिला अक्का म्हणत. तिनेच त्यांना कडेवर वाढवलेलं. बाई गेली की तिला माहेरची साडी नेसवून पाठवायची, ती भावाने आणायची, ही आमच्याकडची रीत. आत्याच्या माहेरचे आता बाबाच तेवढे उरले होते. फोनवर ती त्यांना सरळ विचारायची, "माझी साडी घेतलीस का रे? तुझा भरवसा नाही, आधी तूच जाशील." आणि बाबांनी खरोखरच घेऊन ठेवली होती. स्टेशनजवळच्या दुकानातून, पायरी चढवत नसताना चढून, जांभळ्या काठाची इरकली. ती डांबराच्या गोळ्यांसकट त्यांच्या कपाटात दोन वर्षं तयार होती. ते असेच होते. जे एकदाच लागणार आणि अचानक लागणार, ते त्यांच्याकडे तयार असायचं.

आत्या मे महिन्यात गेली, पहाटे. सकाळी आतेभावाचा फोन आला. "ताई, मामाला घेऊन ये. मार्वेला खाडीच्या बोटीवर आण, इकडून आम्ही खुर्ची घेऊन येतो, उचलून घेऊ. नाहीतर रिक्षा पाठवतो, बोल." मला राग आला. माझ्या बापाला खुर्चीवरून सामानासारखं उचलणार? मी म्हटलं, "काही नको. मी गाडीने आणते, उत्तनवरून, रस्त्याने." तो म्हणाला, "लवकर ये गं. गरमी बघतेस ना. बाराच्या पुढे नाही थांबता येणार."

बाबा साडीची पिशवी मांडीवर घेऊन बसले. दहिसर सोडताना त्यांनी विचारलं, "स्टेपनीत हवा आहे ना?" आजही विचारलं. मी म्हटलं, "आहे हो बाबा."

उत्तनच्या पुढे, गोराईकडे वळणाऱ्या रस्त्यावर, मागचं चाक बसलं. पावणेअकरा वाजले होते. दोन्ही बाजूंना झाडी, दुकान नाही, घर नाही. रिक्षा येत होत्या त्या खच्चून भरलेल्या. मी डिकीतल्या पिशव्या रस्त्यावर काढल्या, गुडघे टेकले आणि स्टेपनी ओढून बाहेर काढली. मासळीचा एक टेम्पो उलट्या बाजूने येत होता, तो थांबला. चालकाने न विचारता पाना घेतला, नट सैल केले, जॅक लावला. आम्ही दोघांनी मिळून स्टेपनी बसवली. मला अगदी हुशारी वाटत होती. मग त्याने जॅक उतरवला आणि गाडी खाली आली ती थेट रिमवर. स्टेपनी भाकरीसारखी पसरली. चढवायच्या आधी अंगठ्याने दाबून बघायची असते, हे लहान पोराला कळतं. चालक माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, यात हवाच नाय ओ."

बाबा खिडकीतून बघत होते. पिशवीवरचा त्यांचा हात घट्ट झाला.

तेवढ्यात आतेभावाचा फोन वाजला. तो घेऊन मी चार पावलं लांब गेले. "ताई, कुठे आलीस?" काय सांगणार होते? की मी अडीच वर्षं खोटं बोलले आणि आता रस्त्यावर उभी आहे? सकाळी तोऱ्यात नको म्हटलेली तीच रिक्षा आता पाठव? मी म्हटलं, "पोचलोच रे. पाच मिनिटं." मुंबईत हे सगळेच म्हणतात. अंगावर पाणी घेत असलेला माणूसही फोनवर पोचलोच म्हणतो आणि ऐकणारा मनात अर्धा तास धरतो. पण दारात प्रेत ठेवलेला माणूस असा अर्धा तास धरत नाही, पाच मिनिटं म्हणजे तो पाच मिनिटंच समजतो. हे मला तेव्हा सुचलं नाही.

टेम्पोवाला भला. पंक्चर झालेलं चाक टेम्पोत टाकून उत्तनला गेला आणि पाऊण तासाने दुरुस्त करून घेऊन परत आला. त्या पाऊण तासात आणखी दोन फोन आले. दोन्ही वेळा मी चार पावलं लांब गेले, आणि दोन्ही वेळा "वळणावर आहे, आलेच" म्हटलं. बाबा उन्हात गाडीत बसून होते. मी पाणी दिलं तर म्हणाले, "अक्का थांबेल. मला सोडून ती कधी पुढे गेली नाही." एकदा त्यांनी पिशवीत डोकावून साडी नीट आहे का बघितलं. मला रडू येत होतं आणि त्यांचाही राग येत होता. दर महिन्याला विचारलं ना, मग एकदा खाली उतरून बघायचं होतं की! आपली चूक असली की असा राग येतो, तो कुठे ठेवावा ते कळत नाही.

आम्ही मनोरीत शिरलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. दार उघडं होतं, ओसरी धुतलेली होती, तुळशीची पानं आणि फुलं कडेला लोटलेली. बायका म्हणाल्या, स्मशानात जा. मी गाडी तिकडे घातली. चिता पेटलेली होती.

आतेभाऊ पुढे आला. त्याने बाबांना हाताला धरून उतरवलं आणि रडायला लागला. "मामा, मी बारा वाजेपर्यंत थांबवलं हो. ताई तीनदा म्हणाली पाच मिनिटं. भटजी म्हणाले आता नाही. शेवटी माझ्या बायकोने घरातलीच साडी नेसवली." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "खरं सांगितलं असतंस तर मी रिक्षा पाठवली असती ना गं. वीस मिनिटांचा रस्ता. पोरं मोकळीच होती."

बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नजर मी अजून पचवू शकलेले नाही. लहानपणी पुस्तकाच्या पैशाची आइसक्रीम खाल्ली होती, तेव्हाही त्यांनी असं बघितलं नव्हतं.

कुणीतरी म्हणालं, "घाला वरून, मामा. पोचते ती." बाबा म्हणाले, "जळणाऱ्या बाईला कुणी साडी नेसवतं का?" आणि पिशवी काखेत धरून गाडीत जाऊन बसले.

साडी कपाटात परत गेली. तेराव्यानंतर त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली. "तुला भाऊ नाही. मी असेन नसेन. ही जवळ ठेव." माया होती की शिक्षा, मला अजून ठरवता येत नाही. बहुतेक दोन्ही असावं.

बैल गेला आणि झोपा केला, तसं आता माझं चाललंय. स्टेपनी मी सिलिंडरखालून कायमची काढली आहे, ती मागच्या सीटच्या पायाशी उभी असते. पहिल्या रविवारी पंपावर जाते, हवावाल्याला थांबवते, पाचव्यात चार पौंड जास्त भरून घेते. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. वर येऊन सांगते, "बाबा, पाचही भरली."

ते "बरं" म्हणतात. पेपरची घडी करतात, काठी घेतात, लिफ्टने खाली जातात. मी गॅलरीत उभी राहून बघते. पार्किंगमध्ये ते उजव्या हाताने मागचं दार उघडतात, काठी दाराला टेकवून ठेवतात, आत वाकतात आणि स्टेपनी अंगठ्याने दाबून बघतात.