स्प्रिंगवाला आणि मी

माणिकपूरच्या आमच्या ऑफिसात नवा प्रोग्रॅमर म्हणून आलेला तो पहिल्याच दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला, माझा कोड उघडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे कुठल्या म्युझियममधून आणलंय?"

तेव्हापासून तो माझ्या डोक्यात गेला.

एका शाळेच्या हजेरीचं सॉफ्टवेअर मी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत, स्ट्रट्स नावाच्या फ्रेमवर्कवर, म्हणजे कोडच्या तयार सांगाड्यावर, एकटीने उभं केलं होतं. जुनं होतं, पण चालत होतं. त्याला ते सगळं मोडून स्प्रिंग या नव्या फ्रेमवर्कमध्ये नव्याने लिहायचं होतं. मी हटून बसले. साहेबांना कुणालाच दुखवायचं नव्हतं. "जुनी पानं स्ट्रट्समध्ये राहू देत, नवी स्प्रिंगमध्ये करा. एकाच प्रोजेक्टात दोन्ही नांदतील," म्हणाले आणि मोकळे झाले.

नांदतात कसली! कुठलंही पान मागितलं की ती विनंती आधी फिल्टर नावाच्या कोडमधून जाते. माझा फिल्टर येईल ती विनंती स्ट्रट्सकडे ओढायचा, त्यामुळे त्याची पानं उघडेनात. मग त्याने मला न विचारता स्वतःचा फिल्टर पुढे सरकवला, तर माझी पानं बंद. आम्ही बोलणं टाकलं. हातभर अंतरावर बसून एकमेकांना ईमेल पाठवायचो.

शाळेच्या मुख्याध्यापिका, एक वयस्क नन, सगळे त्यांना सिस्टर म्हणत, काम बघायला आल्या. पासवर्ड टाकून त्यांनी हजेरी उघडली. निकालाच्या नव्या पानावर गेल्या, तर तिथे पुन्हा पासवर्ड. मागे फिरल्या, तर परत तेच.

"माझ्या शिक्षिका हे वापरणार नाहीत," एवढंच म्हणून त्या उठल्या.

साहेबांनी आम्हा दोघांना मीटिंगच्या खोलीत बसवलं. "जुळवूनच बाहेर या."

"लॉगिन एकच हवं. माझं ठेवू," तो म्हणाला. "तुझं काढ."

"काढते. पण यापुढे मला न विचारता तू माझ्या कशालाही हात लावायचा नाहीस. स्ट्रट्सच्या पानांचे वेब-पत्ते वेगळे, तुझ्या पानांचे वेगळे."

"म्हणजे मी माझे सगळे पत्ते बदलायचे?"

"सगळे."

माझं लॉगिन मीच पुसलं. त्याने त्याचे सगळे पत्ते बदलले. संध्याकाळपर्यंत एका पासवर्डवर दोन्हीकडची पानं उघडायला लागली.

"तुझा कोड वाटला तितका वाईट नाही," तो लॅपटॉप मिटताना म्हणाला.

"तुझा वाटला तितका चांगला नाही," मी म्हटलं.

सिस्टरांनी काम स्वीकारलं. शाळा आजही तेच वापरते. डिसेंबरात माझ्या भावाच्या लग्नाला, त्याच्याशिवाय, अख्खं ऑफिस आमच्या गावी उमेळ्याला येऊन जेवून गेलं. त्याला मी बोलावलं नव्हतं.