धम्मदीपाची सूचना

केनवडची धम्मदीपा घरूनच एका कंपनीचं काम करते. कॉम्प्युटरवर गेम खेळणाऱ्यांना व्हायरसपासून वाचवणारं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवते. त्यातल्या इंग्रजी सूचनांकडे कोणी ढुंकूनही बघत नसे; गेम अडला की लोक संरक्षणच बंद करून टाकत. म्हणून साहेबांशी भांडून धम्मदीपाने घरच्यासारखी मराठी सूचना लिहिली: 'थांबा जरा. ही फाइल बरी दिसत नाही. तरीही संरक्षण बंद करायचंय?'

परवा तिच्या वडिलांनी, रिटायर्ड तलाठी उकंडरावांनी, कॅरमचा फुकटचा गेम कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. त्यातल्या व्हायरसने कॉम्प्युटरमधलं सगळं कुलूपबंद केलं, गेल्या वर्षी वारलेल्या आईचे फोटोसुद्धा. कंपनीतले म्हणाले, आता काही परत मिळणार नाही.

"बाबा, सूचना आली नव्हती का?"

"आली ना. दोनदा आली."

"मग?"

"तुयासारखंच बोलत होतं ते. तुले न ऐकता हो म्हनाची सवय हाये मले. त्यालेबी हो म्हटलं."

चष्मा पुसून उकंडराव पुन्हा पडद्यासमोर बसले.

"अजून एकडाव विचारते का वं ते? या खेपेले नाही म्हनतो."