अक्काच्या गोठ्यातले सिलिंडर

प्रकरण फार मोठं नव्हतं, तरी माझ्या मनातून ते गेलेलं नाही. परदेशात युद्ध पेटलं आणि आपल्याकडे स्वयंपाकाच्या गॅसचा तुटवडा पडला. सरकारने भाव बांधून दिला, घरटी वाटप ठरवलं आणि साठेबाजांवर गुन्हे दाखल करायचे आदेश आले. कर्नाटकातल्या होसकोट्याच्या आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन वाढले. जो तो शेजाऱ्याच्या घरात डोकावत होता.

एका दुपारी फोन आला. "खाणावळवाल्या अक्कानं गोठ्यात ताडपत्रीखाली सिलिंडर लपवलेत. सगळे भरलेले आहेत."

आम्ही छापा घातला. माहिती खरी निघाली. अक्का विधवा, कारखान्यातल्या कामगारांना जेवू घालायची. आमच्यासारखीच, घरात मराठी बोलणाऱ्या जुन्या कुटुंबातली. पंचनामा चालू असताना ती एवढंच म्हणाली, "सार, हे माझे नव्हेत. गॅस असता तर मी लाकडं कशाला जाळली असती?"

आत चूल पेटलेली होती खरी. पण काळ्या बाजारात विकायचा गॅस कोण जाळतं? माझा संशय गेला नाही.

मात्र फोन करणाराही मला खटकत होता. नंबरावरून त्याला शोधून आणलं. तो अक्काचाच धाकटा दीर निघाला. वेगळा राहायचा आणि गॅस एजन्सीची गाडी चालवायचा.

"सिलिंडर कुठून पाहिलेस?"

"रस्त्यावरून, सार."

"ताडपत्रीखालचे?"

"वाऱ्यानं ती स्वल्प वर झाली होती."

"आणि ते भरलेले आहेत, हेही रस्त्यावरूनच कळलं?"

 त्याने पाणी मागितलं आणि पिता पिता तो रडू लागला. एजन्सीत तपासणी येणार होती, म्हणून मालकाच्या सांगण्यावरून त्यानेच जास्तीचा साठा गोठ्यात आणून ठेवला होता. अक्काने पाहिलं तर ती आमच्याकडे येईल, या भीतीने त्याने आधीच तिचं नाव देऊन टाकलं.

मालकाला आणि दिराला अटक झाली. संध्याकाळी अक्का ठाण्यात आली, हातात दिरासाठी डबा. ज्याने गुंतवलं त्याच्यासाठी जेवण? मी हवालदाराला डबा तपासायला सांगितलं. त्याने भात चमच्याने उकरून पाहिला.

"सरी सार, ठीक आहे, बघा," ती शांतपणे म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हा हा शाळेत होता. माझ्याच हातचं खाऊन वाढलाय. गार व्हायच्या आत द्या."

खबर देणाऱ्याला आधी 'तुला कसं कळलं?' असं विचारावं, हे त्या तपासाने पक्कं केलं. पण संशय कुठे थांबवावा, हे प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं. डब्याचं झाकण लावून तो मी स्वतः कोठडीपर्यंत नेऊन दिला.