बराबर सरांचं उन्हाळी कॉलेज

कोणी चुकलं की आमच्या सरांना आनंद व्हायचा. समजूत घालण्यापुरता नव्हे, अगदी मनापासून. खुर्चीतून अर्धवट उठायचे, दोन्ही तळहात मांड्यांवर आपटायचे आणि म्हणायचे, "बराबर. बराबर जागी चुकलास. सापडली ना आता ती जागा?" बदनापूरच्या एका हायस्कुलात ते कार्यानुभव शिकवायचे. मस्टरवर त्यांचं आडनाव वाहुळे होतं, पण आम्हा पोरांच्या तोंडी ते बराबर सरच.

कार्यानुभवाचा तास शाळेत कोणी मनावर घ्यायचं नाही. गणिताच्या सरांचा अभ्यासक्रम मागं पडला की ते हा तास मागून न्यायचे. बराबर सर हसत देऊन टाकायचे. म्हणायचे, "घेऊन जा. माझा तास उन्हाळ्यात असतो." आणि ते खरंच होतं. वार्षिक परीक्षा संपून शाळा ओस पडली की मागच्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. गावानं ज्यांना खुळं, येडं, मंद ठरवून टाकलं होतं अशी मिसरूड फुटलेली पोरं आणि वयात आलेल्या पोरी सर घरोघर फिरून गोळा करायचे. सुट्टीभर त्यांना कॉलेजात जायला नाहीतर कामावर जायला तयार करायचे. नव्वदीची सुरुवात होती. या कामाला मंजुरी नव्हती, पगार नव्हता, दारावर पाटीसुद्धा नव्हती. सर त्याला उन्हाळी कॉलेज म्हणायचे.

मी त्यातलीच एक. शाळा घराला लागून होती म्हणून बारावीपर्यंत मजल मारली होती. पण मोठा आवाज झाला की मी कान दाबून भिंतीकडे तोंड करायची. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की शब्द घशातच राहायचे. ठरलेल्या गोष्टीत काडीचा बदल झाला तर हातपाय गळून जायचे. या सगळ्याला काय म्हणतात ते पुढं कितीतरी वर्षांनी औरंगाबादच्या एका डॉक्टरबाईंनी मला सांगितलं. तेव्हा घरात नुसतं म्हणायचे, "शोभाचं जरा तसंच आहे."

मला जालन्याला कॉलेजात जायचं होतं. हिशेबाचे विषय मला आवडत होते, आकडे कधी आरडाओरडा करत नाहीत. वडिलांनी, म्हणजे आबांनी, मात्र परतूरकडचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. मुलगी फार बोलत नाही हे त्या लोकांना फारच पसंत पडलं होतं. ही खबर लागली आणि सर सायकल मारत थेट आमच्या मोसंबीच्या बागेत आले.

"पोरीला बोलता येत न्हाई असं कोण म्हणतं?" सरांनी विचारलं.

"मी म्हणतो," आबा म्हणाले. "सर, तुमचा मान हाय. पण हिला रेल्वेत कोण बसवणार? ही एकटी जालन्याला जाऊन कॉलेजात चौकशी करून आली, तर मी लग्नाचं नाव काढणार न्हाई. पण एकटी. तुम्ही संगं जायचं न्हाई."

सरांनी मांड्यांवर हात आपटले. "बस. शाळा उघडायच्या आत जाऊन येती."

आबांना वाटलं, गोष्ट तिथंच मिटली. मला वाटलं, मी मेले. सर मात्र शीळ वाजवत सायकलवर बसले.

उन्हाळी कॉलेजात पहिला विषय असायचा 'ऑफिस'. सर टेबलामागे बसायचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायचे, गालात पान असल्यासारखं बोलायचे आणि कारकून व्हायचे. आम्ही एकेकानं समोर जाऊन काम करून घ्यायचं. "साहेब न्हाईत." "आज बंद." "उद्या या." तोंड वर न करता ते असं काही खेकसायचे की शेख आरिफ एकदा खरोखर चिडून निघून गेला आणि शाळेला वळसा घालून परत आला. आरिफला एका जागी चहा पिण्याइतकंही बसवत नव्हतं. सरांनी त्याला कधी बस म्हटलं नाही. तो खोलीत येरझारा घालत शिकायचा. सर म्हणायचे, "दुनियेची अर्धी कामं चालत्या माणसाची हायेत." कारकुनाला काय उत्तर द्यायचं तेही त्यांनी शिकवलं. "तो उद्या या म्हणला तर रडायचं न्हाई. किती वाजता येऊ आणि कोणाला भेटू, एवढं इचारायचं. त्याला कोणी हे इचारत न्हाई. तोच गडबडतो."

माझ्या कानांसाठी त्यांनी वेगळा अभ्यास काढला. पहिल्या दिवशी आम्ही स्टेशनासमोरच्या रस्त्यापलीकडे लिंबाखाली बसून नुसती गाडी बघितली. मग रोज थोडं थोडं पुढं सरकत गेलो, कधी तिकीटखिडकीपर्यंत, कधी फलाटावरच्या बाकापर्यंत. तिथंही इंजिनाच्या आवाजानं मी कोलमडले तेव्हा सरांनी खिशातून सरकी काढलेला कापूस बाहेर काढला आणि दोन बोळे करून माझ्या हातात दिले. लोक हसतील, असं मी म्हणाले. सर म्हणाले, "हसू दे. कानात कापूस घालून शिकलं तर डिग्री लहान मिळती का?"

पण सरांची खरी कसोटी लागली ती बाळूपायी. बाळू शहागडचा. बदनापूरला मामाकडे राहून तो उन्हाळी कॉलेजात यायचा. दांडगा, गोड स्वभावाचा, पण सांगितलेलं त्याच्या डोक्यात सावकाश शिरायचं. सरांनी त्याला शहागडलाच, हायवेवरच्या एका पंक्चरच्या दुकानात कामाला लावलं आणि दुसऱ्याच दिवशी मालकानं त्याला घरी पाठवलं. सर एसटीनं शहागडला गेले आणि मालकाला म्हणाले, "आज मला ठेवा कामाला." दिवसभर सदरा काढून ट्रकची चाकं लोटत बाळूच्या शेजारी राबले. परत आले तेव्हा हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे झालेले, आणि चेहरा असा उजळलेला की जणू त्यांनाच नोकरी लागली. "सापडलं," ते आम्हाला सांगू लागले. "मालक एका दमात पान्हा आण, हवा बघ, चहा सांग असं म्हणतो. बाळू पान्हा आणायला जातो, तवर मालक शिव्या देतो. मी मालकाला म्हणलं, एका वेळी एकच सांगा, दिवसभर न थकता करंल. पोराला न्हाई, मालकाला शिकवायचं राह्यलं होतं." बाळू त्या दुकानात पुढं इतका रुळला की ट्रकवाले त्याला नावानं हाक मारायचे.

माझा दिवस आला तो भर उन्हाचा. सरांनी आबांना शब्द दिला होता, म्हणून ते स्टेशनाकडे फिरकले नाहीत. मी ठरल्याप्रमाणे तिकीट काढलं, ठरलेल्या बाकावर बसले, कापूस घातला. गाडीची वेळ झाली, टळली. मग माणसं पिशव्या उचलून चालू लागली. गाडी रद्द झाली होती.

माझ्या सगळ्या सरावात ही गोष्ट कुठंच नव्हती. मी उठून भिंतीकडे तोंड केलं. सर म्हणायचे, ठरवलेलं मोडलं की आधी पाणी प्यायचं, मग माणूस शोधायचा. मी नळावर जाऊन पाणी प्यायले. शेजारी एक बाई जांभळांची पाटी डोक्यावर चढवत होती. मी तिच्याकडे न बघताच म्हणाले, "जालन्याला कसं जायचं?"

"माझ्यासंगं चल की," ती म्हणाली. "जीप मिळंल नाक्यावर."

जीपमध्ये माणसावर माणूस बसलेला. ड्रायव्हरनं टेप लावला आणि तो आवाज कापसातून आरपार आत घुसू लागला. उतरून पळावं असं वाटत होतं. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "भाऊ, आवाज कमी करता का?" ड्रायव्हरनं मागं वळूनसुद्धा न बघता बटण फिरवलं. आवाज कमी झाला. इतक्या वर्षांत असं विचारता येतं हेच मला ठाऊक नव्हतं. मला एवढा आनंद झाला की जालना येईपर्यंत मी त्या बाईची जांभळं खात, तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकत बसले.

कॉलेजच्या ऑफिसातला कारकून मान खाली घालून म्हणाला, "उद्या या." हुबेहूब सर. मला खुदकन हसू आलं.

"हसायला काय झालं?" त्यानं मान वर केली.

"उद्या किती वाजता येऊ? आणि कोणाला भेटू?"

तो क्षणभर माझ्या कानातल्या कापसाकडे बघत राहिला. मग त्यानं खण उघडला, प्रवेशाचा फॉर्म काढून दिला आणि कुठं सही करायची तेही दाखवलं.

परतताना मी आपण होऊन जीप शोधली. नाक्यावर उतरले आणि आधी सरांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, सांगितलं की गाडी रद्द झाल्याचं कळल्यापासून सर स्टेशनावरच आहेत. मी धावत गेले. सर फलाटावरच्या बाकावर बसले होते. मला बघून धडपडत उठले. म्हणाले, "कोणाला सांगावं, कुठं शोधावं, काही सुचत नव्हतं. आबांच्या दारापर्यंत जाऊन माघारी आलो." मी फॉर्म दाखवला. त्यांनी तो बघितलासुद्धा नाही. जीपमधली गोष्ट मात्र माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतली. "तू म्हणलीस, आणि त्यानं कमी केला? बराबर?" प्रत्येक वेळी मांड्यांवर हात आपटत होते. आबांनी दिलेला शब्द पाळला. परतूरचं स्थळ परत गेलं आणि मी कॉलेजात गेले.

जालन्याहून परतले त्याच संध्याकाळी मला घरापर्यंत सोडायला येताना सर अचानक म्हणाले, "माझी एक धाकटी बहीण हाय गावाकडं, जाफराबादच्या बाजूला. शेवंता. तुझ्यासारखीच. तिला आम्ही घरातच ठेवलं. जेवायला बराबर दिलं, कपडे दिले. पण तुला काय पाहिजे, हे कोणी इचारलंच न्हाई. मीसुद्धा न्हाई."

मी पदवी घेतली. जालन्याच्या एका बियाणे कंपनीत हिशेबाच्या कामाला लागले. आरिफ गावोगाव टपाल वाटू लागला. दर उन्हाळ्यात आम्ही एखाद्या रविवारी सरांकडे जायचो. अशाच एका रविवारी पत्र्याच्या खोलीत पोरांमध्ये एक पिकल्या केसांची बाई पाय दुमडून बसलेली दिसली. सर म्हणाले, "ही शेवंता. वय झालं म्हणून काय झालं, हिचं कॉलेज राह्यलं होतं."

शेवंताआत्या त्या सुट्टीत फक्त प्रवास शिकली. तिला तेच पाहिजे होतं. बदनापूरच्या बसथांब्यावर ती सरांचा हात धरून उभी राहायची, मग हात सोडून, मग सर रस्त्याच्या पलीकडे. पाटीवरची अक्षरं तिला येत नव्हती, म्हणून ती येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या कंडक्टरला विचारायची. पहिल्यांदा एकटी जालन्याला जाऊन आली तेव्हा तिनं पाव किलो शेव आणली आणि सगळ्यांना वाटली. सर त्या दिवशी पोरांपेक्षा जास्त नाचले.

तो त्यांचा शेवटचा उन्हाळा ठरला. हिवाळ्यात, शाळेत असतानाच त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी घरासमोर माणसं मावत नव्हती. बाळू शहागडहून मालकाला घेऊन आला होता. आरिफ अंगणात येरझारा घालत होता, त्याला कोणी थांबवत नव्हतं. गावाकडून थोरले भाऊ आणि घरची मंडळी जीप करून आली. शेवंता त्यांच्यात नव्हती. वहिनींनी विचारलं तेव्हा थोरले म्हणाले, "एवढ्या गर्दीत तिला कशाला? तिला काय कळतंय. घरी ठेवली."

दुपार कलत आली. बुद्धवंदना झाली. आता उचलायचं म्हणून माणसं पुढं झाली, तेवढ्यात दारात कोणीतरी म्हणालं, थांबा. गर्दीतून वाट काढत शेवंताआत्या येत होती. पायांवर धूळ, पदर डोक्यावर, काखेत पिशवी.

थोरले पुढं झाले. "तू कशी आलीस? कोणासंगं आलीस?"

"एसटीसंगं," ती म्हणाली. "जालन्याला बदलली."

ती आत गेली, सरांच्या उशाशी बसली आणि त्यांच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. थोरल्यांनी स्वतः सगळ्यांना मागं सरकवून तिला जागा करून दिली. ती उठेपर्यंत कोणी घाई केली नाही.

सगळं आटोपल्यावर गावाकडची मंडळी जीपमध्ये बसू लागली. थोरले दाराशी आले. आवाज खाली आणून म्हणाले, "चल शेवंता, पुढच्या सीटवर जागा केलीय तुला."

आत्या वहिनींच्या शेजारी बसली होती. ती उठली नाही.

"तुमी व्हा पुढं," ती म्हणाली. "वहिनी एकटी हाय. मी येते माझी माझी."