दिव्यावरचा हार

माझी एक खोड आहे. समोरचा काय सांगतोय ते पुरतं ऐकायच्या आधीच मी उपाय सुरू करते. ऑफिसात त्याला हुशारी म्हणतात, घरात आई आगाऊपणा म्हणते. बाबांच्या मोटरसायकलच्या दिव्याच्या बाबतीत आईचंच खरं निघालं, हे आधीच कबूल करून टाकते.

गाडी म्हणजे शंभर सीसीची जुनी टू-स्ट्रोक. मी दहावीला होते तेव्हा घरात आली. बाबा तेव्हा गिरणीत वायरमन होते. पुढे गिरणीचं गेट बंद झालं ते झालंच, आणि आईने लालबागला देवळाच्या गल्लीत फुलांची फळी टाकली. तेव्हापासून रोज पहाटे चारला बाबा आईला मागे बसवून काळाचौकीहून दादरच्या फुलबाजारात नेतात. परत येताना झेंडूचं पोतं पुढे टाकीवर, शेवंती आणि तुळस आईच्या मांडीवर. उजाडायच्या आत आई फळीवर बसलेली असते आणि बाबा समोरच्या टपरीवर चहा पीत असतात. यात कधी खाडा नाही. बाबा सत्तरीचे झाले तरी नाही.

गेल्या थंडीत एक दिवस आई खरचटलेलं कोपर घेऊन घरी आली. परळच्या पुलाखाली कुणीतरी बॅरिकेड आडवं टाकून ठेवलं होतं, बाबांना ते अगदी जवळ गेल्यावर दिसलं. ब्रेक लागला, पण आई शेवंतीसकट खाली. "काय नाय झालं गो, फुलांवर पडले," म्हणून ती हसली. मला मात्र हसू आलं नाही.

"दिवो मंद झालो हा," बाबा म्हणाले.

"दिवा नाही, बाबा. डोळे मंद झालेत तुमचे."

दुसऱ्या दिवशी त्यांना ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. दोन्ही मोतीबिंदू आधीच काढलेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि म्हणाल्या, "वयाच्या मानाने छान आहेत." बाहेर आल्यावर बाबांनी चष्मा पुसला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "माका दिसता गो. गाडयेक दिसणा नाय."

आता हे ऐकून तरी माणसाने थांबावं की नाही? मी थांबले नाही. कारण दिवे हा माझा प्रांत. आमच्या मंडळाची गणपतीतली रोषणाई गेली कित्येक वर्षं मी बघते. पुरुषमंडळी शिडीवर चढतात, पण कुठली माळ कुठून कुठे जाणार हे मी ठरवते. तिथे प्रकाश कमी पडला की एकच मंत्र, मोठा बल्ब लावा. मी लॅमिंग्टन रोडला गेले आणि दुकानातला सगळ्यात तगडा बल्ब घेऊन आले.

"ह्यो नको," बाबा म्हणाले. "ही गाडी जेवढो करंट बनवता तेवढोच दितली. तुज्या मंडळासारखो खांबावरून नाय येणा."

"बाबा, तुम्ही लावा तर!"

त्यांनी लावला. मी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला तर म्हणाले, दे इकडे, दिव्याचा डबा मी उघडतो. आणि अंगणात माझ्याकडे पाठ करून बसले. मला वाटलं, राग आलाय.

बल्ब लागला, गाडी सुरू झाली, आणि दिवा आधीपेक्षा तांबडा. ॲक्सिलरेटर पिळला की जरा उजळायचा, सोडला की निखारा. चाळीतल्या दोघातिघांनी गॅलरीतून फुकटचे सल्ले दिले. बाबा गाडी बंद करून आत गेले, आणि तेच मला जास्त लागलं.

मग माझी दुसरी अक्कल. इंजिनकडून येणारा करंट कमी पडतोय ना? मग दिव्याला थेट बॅटरीवर घेऊ! सीटखालून जाड वायर काढली, मध्ये जादा करंट झेलणारा स्विच, म्हणजे रिले, बसवला, सगळं मी केलं. फक्त पुढच्या डब्यातलं कनेक्शन बाबांनी, पुन्हा पाठ करून. या वेळी काय उजेड पडला! समोरच्या चाळीच्या भिंतीवरचा रंगाचा पोपडान् पोपडा दिसत होता. मी दोन दिवस मान ताठ करून फिरले. आईला म्हटलं, "बघ, एवढंसं काम होतं."

तिसऱ्या दिवशी पहाटे दोघं दादरहून निघाली आणि हिंदमाताच्या अलीकडे दिवा विझला. हॉर्न दाबला तर घसा बसल्यागत आवाज. इंजिन चालू होतं, बाकी सगळी गाडी मेलेली. तो बल्ब बॅटरीतून जेवढं ओढत होता त्याच्या निम्मंसुद्धा गाडी परत भरत नव्हती. बाबांनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मागून बसेस आणि ट्रक सुसाट. आईने एका हाताने तुळस सावरली, दुसऱ्या हाताने मोबाइलचा टॉर्च बाबांच्या खांद्यावरून पुढे धरला, आणि त्या उजेडात दोघं लालबागपर्यंत आली.

आईने हे हसत हसत सांगितलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. राग खरं तर स्वतःचा आला होता, पण निघाला बाबांवर. "बास! उद्यापासून टॅक्सी. हे वय आहे का पहाटे ट्रकांच्या मधून गाडी मारायचं? आईला काही झालं म्हणजे?" किल्ली घेतली आणि तांदळाच्या डब्यात खुपसली. गाडी काढून टाकायची, गिऱ्हाईक मी बघते, असंही म्हणून गेले.

बाबा खाटेवर बसले. भिंतीकडे तोंड करून.

ते बसणं मी पूर्वी पाहिलं होतं. गिरणी बंद झाली तेव्हा सहा महिने ते असेच बसले होते. जेव म्हटलं की जेवायचे, झोप म्हटलं की झोपायचे. मी तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची होते आणि मला त्या पाठीची भीती वाटायची. आता चाळीशी ओलांडल्यावर पुन्हा तीच पाठ समोर होती. पण माघार घेईन तर मी कसली! शनिवारी आई टॅक्सीने गेली. टॅक्सीवाल्याने ओली पोती डिकीत घ्यायला कुरकुर केली. बाबा चारला उठले, आंघोळ करून, कपडे घालून, खाटेवर बसून राहिले.

रविवारी दुपारी ते दाढी करायला न्हाव्याकडे गेले. मी मनाशी म्हटलं, विकायची तर विकू, पण आधी एकदा हा दिवा स्वतः बघते. हट्टच तो. डब्याची रिंग काढली, काच बाहेर ओढली, आणि आतून माझ्या मांडीवर पाकळ्या पडल्या.

झेंडूच्या पाकळ्या. तपकिरी, कुरकुरीत, काही काचेला आतून चिकटलेल्या. डब्याच्या तळाशी पाण्याचे डाग. आतला चकचकीत आरसा, ज्याच्यावर आपटून उजेड पुढे जातो, तो अर्धा काळा पडून सोललेला. अर्थिंगच्या वायरच्या टोकाला हिरवट बुरशीसारखा थर. यात सूर्य लावला असता तरी उजेड पडला नसता.

आणि कारण माझ्या डोळ्यांसमोर रोजचं होतं. बाजारात माल घेऊन झाला की आई तिथेच उभ्या उभ्या सात-आठ झेंडूंचा एक छोटा हार ओवते आणि गाडीच्या दिव्यावर घालते. फुलं ओलीगच्च, बाजारात त्यांच्यावर सतत पाणी मारतात. तो हार दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत तिथेच असतो. मग जुना निर्माल्यात, नवा दिव्यावर. इतकी वर्षं, रोज, थेंब थेंब पाणी आत.

"बाबा!" ते फाटकातून येताना दिसले तशी मी ओरडलेच. "हे बघा काय! आईच्या हारामुळे सगळा डबा—"

"हळू बोल."

एवढ्या घाईने चालत आलेले मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. माझ्या शेजारी पायरीवर बसले. पाकळ्या बघितल्या आणि जराही चकित झाले नाहीत.

"तुम्हाला माहीत होतं?"

माहीत होतं. दर पितृपक्षात, हारांना गिऱ्हाईक नसतं तेव्हा, ते गुपचूप डबा उघडून साफ करायचे. वायर घासायचे, आरसा पुसायचे. दोन वर्षांपूर्वी आरशाचं पाणीच उडालं, आणि पुसण्यासारखं काही उरलं नाही.

"मग आईला सांगायचं ना! हार हँडलला बांध म्हणावं, एवढंच तर!"

त्यांनी एक पाकळी उचलून बोटांत चुरली. मग बोलले ते तुटक तुटक, माझ्याकडे न बघता. बसवाल्याने आईची ओली पोती चढवू दिली नाहीत, म्हणून ते पहिल्यांदा तिला घेऊन दादरला गेले, तो दिवस. बाजारात कुणीतरी आईला हसून विचारलं, काय गं, ड्रायव्हर ठेवलास? बाबांना वाटलं, गाडी तिथेच टाकून निघून जावं. आईने पोत्यातून झेंडू काढले, हार ओवला, गाडीच्या दिव्याला घातला आणि हात जोडले. मग बाबांना म्हणाली, "दसऱ्याला गिरणीत मशीनला हार घालायचात ना? आता ही आपली गिरण. चला, पाळी सुरू झाली."

"त्या दिवशी मी परत कामार लागलंय," बाबा म्हणाले. "तिका काय सांगू? तुजो हार नको म्हणून?"

मला रडू आलं. सरळ सांगते, लाज कसली त्यात! त्या माणसाची मी किल्ली काढून घेतली होती. एक गेट बंद होऊन झालं होतं, दुसरं मी बंद केलं.

तांदळाच्या डब्यातून किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली आणि म्हटलं, "आता तुम्ही सांगा, मी ऐकते."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं अंगणात होतो. बाबांनी जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर गाडी किती वॅट बनवते ते मांडलं, आणि कुठला दिवा किती खातो ते त्यातून वजा करत गेले. माझा तगडा बल्ब एकटाच सगळं खाऊन वर उपाशी राहत होता. पुढे छोटा एलईडी लावायचा, मागचा दिवा आणि इंडिकेटरही एलईडी, म्हणजे वाचलेला करंट बॅटरीत जाईल. मी परळच्या स्पेअर पार्टवाल्याकडून आरसा, काच आणि करंट सरळ करून बॅटरीत सोडणारा एक रेक्टिफायर आणला. इंडिकेटर आधी पिसाळल्यासारखे फडफडले, मग बाबांनी त्यांची उघडझाप करणारा फ्लॅशर बदलला आणि ते वळणावर आले. नवी अर्थिंग बाबांनी स्वतः घासून बसवली. दिवा लागला. पांढरा, स्वच्छ, आणि इंजिन हळू केलं तरी तसाच. बाबा लहान पोरासारखे तीनदा बटण दाबून बघत होते.

सगळं आवरलं, पण पाकळ्यांचा कागद मी पायरीवरच विसरले. आईला फुलातलं कळतं, तिला फसवायची सोय नाही. कागद घेऊन ती ओट्याशी आली आणि हळूच म्हणाली, "ह्या झेंडवांना गंज कसा लागला गो?"

मला खोटं बोलता आलं नाही. बाबा खाली होते. मी सगळं सांगितलं. आई कोथिंबीर निवडत होती, तशीच निवडत राहिली. पूर्ण जुडी निवडून झाल्यावर म्हणाली, "बरं." बस, तेवढंच.

दुसऱ्या पहाटे नवा दिवा चालतो की नाही ते बघायला मी माझ्या स्कूटरवरून त्यांच्या मागोमाग गेले. परळच्या पुलाखालचा खड्डान् खड्डा दिसत होता. बाजारात माल घेऊन झाला. बाबांनी पोतं टाकीवर बांधलं, किक मारली. आई तुळशीचा भारा घेऊन सरळ मागे बसली. दिवा मोकळा.

बाबा हलेनात.

"चला की," आई म्हणाली.

"हार खंय?"

"नको आता. पाणी जाता आत. दिवो भिजता."

बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी मान खाली घातली. मागे हातगाडीवाला ओरडत होता, काका, साईड द्या. बाबांनी गाडी बंद केली, पाय खाली टेकवले आणि समोर बघत म्हणाले, "भिजांदे. पाळी सुरू करूची आसा."

आई खाली उतरली. पोत्याचं तोंड सोडून सात-आठ झेंडू काढले, आणि गर्दीत उभी राहून ओवायला लागली. डोळ्यांना पदर लावायलाही हात मोकळा नव्हता तिचा. ओवून झाल्यावर हार दोन-तीनदा झटकला, पाणी निथळू दिलं, मग दिव्यावर घातला आणि हात जोडले. तेव्हा कुठे बाबांनी किक मारली.

यंदा पितृपक्षात बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर मला दिला. आई आता हार रोज झटकून घालते, तरी डबा उघडला तेव्हा आत चार पाकळ्या होत्या. त्या काढल्या, आरसा पुसला, वायर घासली आणि रिंग परत बसवली. आईला काही सांगितलं नाही.