काका मराठीत जे म्हणाले

"अगं, तुम्हा लोकांना एकदा देव बदलायची चटक लागली, की कुठलाही चालतो. इथे चांगल्या घरची माणसं बसलीयत. गप्प बस आता."

काका हे मराठीत म्हणाले. हसत म्हणाले. माझ्या खांद्यावर हात ठेवून, लेकीला समजवावं तशा आवाजात.

अमेरिकेतल्या बेलव्ह्यू शहरातल्या एका शाळेचं कॅफेटेरिया होतं ते. टेबलाभोवती आमच्याच वस्तीतली गोरी माणसं बसली होती. त्यांना एक शब्द कळला नाही. समोरची म्हातारी बाई माझ्याकडे बघून म्हणाली, तुमची भाषा ऐकायला किती गोड वाटते.

माझे कान तापले होते.

आमच्या पक्षाचं कॉकस होतं. पक्षाच्या लोकांनी आपापल्या वस्तीच्या टेबलाशी बसायचं, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला आपला उमेदवार कोण यावर बोलायचं, मग हात वर करायचे. माझं ते पहिलंच कॉकस. नागरिकत्व नुकतंच मिळालेलं. मी मॉर्मन या ख्रिस्ती पंथातल्या उमेदवाराच्या बाजूने बोलायला उभी राहिले.

त्याचं सगळं मला पटत होतं असं नाही. त्याच्या चर्चने कित्येक वर्षं काळ्या माणसांना पुरोहित होऊ दिलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. माझी शेजारीण मॉर्मन. तिला मी ते तोंडावर विचारलं होतं. ती म्हणाली, हो, तसं होतं, आणि मला त्याची लाज वाटते. ही बाई माझ्या ऑपरेशननंतर रोज डबा घेऊन आली. माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्या हातचं वांगं खाल्लं तिने. तिच्या मुलांना मात्र शाळेतल्या काही घरांत खेळायला बोलवत नसत. हे लोक पंथवाले, हे खरे ख्रिश्चन नाहीत, म्हणून. हे सांगताना तिचा चेहरा कसा व्हायचा, ते मी बघितलं होतं. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता.

टेबलाशी तेच झालं. टाय लावलेला एक माणूस म्हणाला, उमेदवार सज्जन आहे, कुटुंब छान आहे, पण तो खरा ख्रिश्चन नाही. बाकीच्यांनी माना हलवल्या. शेजारीण माझ्या बाजूलाच बसली होती. ती टेबलाकडे बघत राहिली.

मी विचारलं, खरा कोण ते ठरवतं कोण?

तेव्हाच काका माझ्याकडे वाकले.

काका म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष. स्वतःची कंपनी. पक्षात जुने, मोठ्या देणग्या देणारे. दरवेळी आमच्या वस्तीतून तेच प्रतिनिधी म्हणून जायचे. मी नवीन आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "नागपूरची का? नागपुरात कुठे?" मी म्हटलं, इंदोरा. आमची बौद्धांची वस्ती ती. "अच्छा," म्हणाले. एवढंच. पण त्या दिवसापासून मंडळाच्या जेवणाला मी काय करून आणू असं विचारलं, की काकू म्हणायच्या, तू पेपर प्लेट्स आण गं, तुला जॉब असतो. जॉब सगळ्यांनाच होता. बाकीच्या बायका पुरणपोळ्या आणायच्या, मसालेभात आणायच्या. मी प्लेट्स आणायचे. वर्षानुवर्षं आणल्या. माझ्या हातचं कुणी खात नव्हतं, आणि हे मला कळतंय हे मी कुणाला कळू देत नव्हते.

माझ्या आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली. घरातले देव विहिरीत टाकले आणि पुन्हा त्या विहिरीत डोकावून बघितलं नाही. आजी सांगायची, त्या दिवशी ते पहिल्यांदा मान वर करून गल्लीतून चालत आले. माझ्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट ही. काकांनी तिला चटक म्हटलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं.

त्यांना खात्री होती, मी खाली बसेन. मराठीत मारलेलं मराठीतच राहील. आजवर राहिलंच होतं.

मी त्यांचा हात खांद्यावरून काढला. मग मी इंग्रजीत म्हणाले, "आत्ता हे मला काय म्हणाले, ते सगळ्यांना सांगते."

एकेक शब्द सांगितला. 'तुम्हा लोकांना' म्हणजे कुणाला, तेही सांगितलं. अस्पृश्य हा शब्द इंग्रजीत मी कधी मोठ्याने उच्चारला नव्हता. फार नागडा वाटला तो. मी थांबले नाही. त्या म्हाताऱ्या बाईला म्हटलं, तुम्हाला गोड वाटलं, ते हे होतं.

काकांचा चेहरा क्षणभर उघडा पडला. मग ते हसले. म्हणाले, भाषांतरात गडबड होते, ही मला मुलीसारखी आहे. आणि टेबलाला हायसं वाटलं. मी डोळ्यांनी बघितलं, सगळ्यांचे खांदे सैल झाले. म्हातारी म्हणाली, त्यांच्या मनात तसं नसेल गं. टायवाला म्हणाला, आपण मतदानाकडे वळू या का.

मी शेजारणीकडे बघितलं. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

मतदान झालं. मग जिल्ह्याच्या अधिवेशनाला पाठवायचा प्रतिनिधी निवडायचा होता. काकांनी सवयीने स्वतःचं नाव लिहायला पेन उचललं. मी म्हटलं, मीही उभी आहे.

हात मोजले. माझ्या बाजूने एकच हात होता. माझा.

शेजारीण पार्किंगमध्ये माझ्यामागे धावत आली. रडत होती. म्हणाली, मी बोलले असते तर अजून चिघळलं असतं, म्हणून गप्प राहिले. मी तिला म्हटलं, तुझ्या देवाला त्यांनी खोटं म्हटलं तेव्हा मी उठले. मला म्हणाले तेव्हा तू पर्स उघडलीस. मी गाडी काढली. तिला मिठी मारावीशी वाटली नाही, आजही वाटत नाही.

उमेदवाराच्या प्रचाराचं काम बघणाऱ्या तरुणाचा फोन आला. फार नम्र होता. तुमच्या कम्युनिटीतले आपसातले प्रश्न सभेत आणू नका, डोनर्स अस्वस्थ होतात, म्हणाला. डोनर कोण होते, ते त्याने सांगितलं नाही. मला विचारायची गरज पडली नाही. प्रचाराला दारोदार फिरायचं माझं काम त्याने काढून घेतलं.

आणि काकूंचा फोन.

"असं घरातलं बाहेर काढायचं नसतं गं. तेही गोऱ्यांसमोर. काकांना किती लागलंय."

"काकू, तुमच्या घरातली मी कधी होते?"

त्यांनी फोन ठेवला. मंडळाचे मेल यायचे बंद झाले. दुकानात ओळखीच्या बायका दुसऱ्या रांगेत जाऊ लागल्या. माझी मुलगी म्हणाली, "Mom, was it worth it?" मी तिला गोड बोलून समजावलं नाही. म्हटलं, तुला आता ठाऊक आहे तू कुठून आलीस. कुणी विचारलं तर इंदोरा सांगायचं, आवाज खाली न करता.

मी त्या उमेदवारालाच मत दिलं होतं. त्याच्या माणसांनी मला काढलं म्हणून त्याच्यावर झालेला अन्याय खोटा ठरत नाही. पण आता मी कुणाची प्रचारक नाही.

पुढच्या कॉकसला मी जाणार. त्याच टेबलाशी, काकांच्या समोरच्या खुर्चीवर बसणार. प्रतिनिधी म्हणून उभी राहणार. पडेन. पुन्हा उभी राहीन. आणि त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, तर पुन्हा सांगेन, खोलीतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. त्यांना आता माझ्यासमोर मराठी जपून बोलावी लागेल.